आईकडून आलेले कान

माझी नणंद पाण्याच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं कामाला होती, आणि त्यातली एकोणीस वर्षं तिने नुसतं ऐकण्याचा पगार घेतला. हे मी नाही, तिचा फोरमन म्हणायचा. तयार झालेली मोटार तिच्या टेबलावर यायची आणि दोन मिनिटं चालायची. वन्सं हातभर लांबीची गुळगुळीत लाकडी दांडी उचलायच्या, एक टोक बेअरिंगच्या जागी टेकवायच्या, दुसरं कानापुढच्या हाडावर, आणि डोळे मिटायच्या. मग खडूने बरोबरची खूण, नाहीतर फुली. टेबलावर मीटरही असायचा. पण फोरमन म्हणायचा, "मीटरला खरखर कळते. बाईंना खरखर व्हायच्या आधीची कळते." कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत.

हा कान त्यांनी घरी कमावला होता. माझ्या सासूबाई ठार बहिऱ्या. दारावरची बेल दाबली की आमच्याकडे आवाज होत नसे, स्वयंपाकघरात दिवा लागायचा. वन्सं चार वर्षांच्या असल्यापासून आईचे कान झाल्या होत्या. दुधवाला काय म्हणतो, शेजारीण काय कुजबुजते, उकळी आली की नाही, सगळं त्यांनी ऐकायचं आणि आईला खुणेने सांगायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पहिल्यांदा गंमतच वाटली. आमच्या घरात गुपित म्हणून राहत नसे, कारण गुपितसुद्धा खुणेने किंवा पाटीवर, सगळ्यांच्या देखत सांगावं लागे. सासू-सुनेचं भांडण करायचं तर पाटी-पेन्सिल घेऊन बसावं लागे, आणि मी शाळेत शिकवणारी असल्यामुळे सासूबाईंचं शुद्धलेखन सुधारायचा मोह व्हायचा. भांडण तिथेच संपायचं.

बहिरेपण सासूबाईंपुरतं नव्हतं. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे मामा, तेही बहिरे. ते घड्याळं दुरुस्त करायचे. टिकटिक कधी ऐकू आली नाही, पण बोटाला कळायची. प्रत्येकाच्या बहिरेपणाला घरात एकेक गोष्ट होती. मामांना म्हणे आठवीत मास्तरांनी कानशिलात लगावली होती. सासूबाईंना वन्संच्या वेळच्या बाळंतपणात ताप आला आणि तो "कानात उतरला". ही दुसरी गोष्ट नातेवाईक वन्संच्या देखत सांगत. "आईचे कान घेऊन आलेली पोर," असं एक आत्या नेहमी म्हणायची, आणि हसायची. वन्सं हसत नसत.

सासूबाईंची थोरली बहीण मात्र सत्तरीतही पलीकडच्या खोलीत सुई पडली तरी "काय पडलं गं?" म्हणून विचारायची. त्यांची आई, म्हणजे आमच्या आजेसासूबाई, शेवटच्या दिवसापर्यंत खणखणीत ऐकत होत्या. त्यामुळे हे रक्तातलं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. रक्तातलं असतं तर वरून खाली आलं असतं, असं आम्हाला वाटायचं. आपापलं नशीब, म्हणून सगळे गप्प होते.

वन्सं आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायच्या. नवरा जहाजावर, घरी पाहुण्यासारखा यायचा. एकच मुलगी, माझी भाची, तेव्हा कॉलेजात होती. एकेचाळिसाव्या वर्षी वन्संच्या पाठीत कळ आली, थंडी वाजून ताप भरला, लघवीला आग होऊ लागली. दोन दिवस अंगावर काढलं आणि तिसऱ्या दिवशी त्या कारखान्याच्या दारातच खाली बसल्या. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. मूत्रपिंडाला सूज आहे, जंतू जोरात आहेत, दहा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतील, म्हणाले. चांगले डॉक्टर होते. औषधही चांगलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला आणि वन्संनी दोन घास जास्त खाल्ले.

पाचव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा त्या डोळे मिटून पडल्या होत्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "सिस्टरना सांग ना. या पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलंय. दोन थेंब तेल घातलं तरी पुरे. सकाळपासून नुसता किंचाळतोय."

मी वर पाहिलं. पंखा बंद होता. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीला गार लागत होतं म्हणून सकाळीच बंद केला होता.

"आत्ताही येतोय आवाज?" मी विचारलं.

"आत्ताही. बारीक, सुईसारखा. तुला नाही येत?"

मी म्हटलं, "सांगते त्यांना." आजारी माणसाला कशाला भेवडावायचं, एवढंच तेव्हा मनात होतं. जाता जाता मी सिस्टरच्या कानावर घातलंसुद्धा, हसत हसत, की आमच्या वन्संना बंद पंख्याचा आवाज येतो. त्याही हसल्या. "अशक्तपणा आहे. कानात शिट्ट्या वाजतात कधीकधी." संध्याकाळचं इंजेक्शन ठरल्या वेळी दिलं गेलं. पुढचे पाच दिवसही दिलं गेलं. मी तेव्हा डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिले असते तर, हा विचार मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

वन्सं बऱ्या होऊन घरी आल्या. चेहरा उतरलेला होता, पण ताप नाही, कळ नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. आठवड्याभरात त्या कामावर रुजू झाल्या.

काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल, तर सासूबाईंच्या. एका सकाळी त्यांनी मला खूण करून बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, "ही तोंडाकडे बघते." मला अर्थ कळेना. मी खांदे उडवले. सासूबाईंनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात. "आमच्यासारखी बघते. हिला ऐकू येत नाही."

मी वर गेले. वन्सं पाठमोऱ्या कपडे वाळत घालत होत्या. मी दारातून हाक मारली. मग पुन्हा, जरा मोठ्याने. त्या आपल्या कपडे झटकत राहिल्या. मी जवळ जाऊन खांद्याला हात लावला तर इतक्या दचकल्या की हातातला चिमटा खाली पडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. "कमी झालंय थोडं," म्हणाल्या. "येईल परत. अशक्तपणा आहे. कुणाला बोलू नकोस, वहिनी, कामाचा प्रश्न आहे."

मी बोलले नाही. दीड महिना. त्या दीड महिन्यात कारखान्यात काय चाललं होतं ते मला पुढे फोरमनकडून कळलं. वन्सं दांडी आता कानाला न लावता दाताखाली धरायच्या. तळहात मोटारीवर टेकवायच्या. खालचे, जाडे आवाज अजून हाडातून थोडे पोचत होते. पण बेअरिंग बिघडतं ते आधी वरच्या, बारीक आवाजात, आणि तो आवाज त्यांच्यासाठी जगातून नाहीसा झाला होता. एका आठवड्यात अकरा मोटारी गिऱ्हाइकांकडून परत आल्या. अकराही मोटारींवर त्यांची खूण होती.

फोरमन म्हणाला, "मी मुद्दाम एक खराब मोटार लावली टेबलावर. इतकी खराब की पलीकडच्या विभागातले लोक मान वर करून बघायला लागले. मी समोर होतो म्हणून बाईंनी हात न टेकवता, पूर्वीसारखी दांडी कानाशी लावली, डोळे मिटले. मी बटण बंद केलं. मोटार थांबली. आणि त्या तशाच, डोळे मिटून, ऐकतायत. थांबलेल्या मोटारीवर दांडी लावून. मला पुढे जाऊन हात लावायचा धीर होईना हो."

मग वन्संनी डोळे उघडले, मोटारीवर बरोबरची खूण केली, आणि सगळे आपल्याकडे का बघतायत ते त्यांना कळेना.

कान तपासणाऱ्या बाईंकडे मी त्यांना घेऊन गेले. काचेची खिडकी असलेली एक खोली, आत वन्सं कानावर यंत्र लावून बसलेल्या, बाहेर त्या बाई बटणं दाबतायत आणि कागदावर खुणा करतायत. खुणा जोडल्यावर जी रेघ झाली ती डावीकडून थोडी सरळ गेली आणि मग जिना उतरावा तशी खाली गेली. बाईंनी रेघेकडे बघितलं आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

मी सासूबाईंचं सांगितलं, मामांचं सांगितलं. मास्तरांची थप्पड, कानात उतरलेला ताप, थोरल्या मावशींना मात्र अजून सुई पडली तरी ऐकू येते तेही, सगळं.

"त्या तापाला इंजेक्शनं दिली होती?"

"असतील. बाळंतपणातला ताप, जिवावर बेतला होता म्हणतात."

"आणि मामांना? थप्पड बसली त्या सुमाराला काही आजार?"

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. त्याने आमच्याकडे आलेल्या मामांना लिहून विचारलं. उत्तर आलं, "छातीचा आजार होता. नव्वद इंजेक्शनं घेतली. थप्पड त्यानंतरची. मास्तरांनी हाक मारली ती मला ऐकू आली नाही, म्हणून मारली."

इतकी वर्षं आम्ही गोष्ट उलटी सांगत होतो. थप्पड बसली म्हणून मामा बहिरे झाले नव्हते. बहिरे झाले होते म्हणून थप्पड बसली होती.

"आणि ज्या मावशींना ऐकू येतं, त्यांना कधी इंजेक्शन?"

मला हसूच आलं. मावशींना सुई दिसली की घेरी येते. आयुष्यात एकदाही टोचून घेतलं नाही, त्यावरून सगळे चेष्टा करतात.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर गोल आणि चौकोन काढले. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, बहिऱ्यांचे काळे भरलेले. मग रक्त घेतलं आणि दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. दोन महिन्यांनी आम्हाला परत बोलावलं. वन्सं, माझा नवरा आणि मी, तिघं गेलो.

त्यांनी जे सांगितलं ते मी शाळेत मुलांना सांगावं तसं सांगते. वन्संना टोचली त्या जातीची औषधं जंतूच्या पोटातल्या एका बारीक यंत्राच्या खाचेत जाऊन बसतात, यंत्र अडतं आणि जंतू मरतो. माणसाच्या पेशींमध्येही तसलंच एक यंत्र असतं, पण खाच वेगळ्या आकाराची, म्हणून औषध तिथे सहज बसत नाही. आमच्या सासूबाईंच्या घराण्यात त्या यंत्राचं एक अक्षर बदललेलं आहे. एकच. त्यामुळे खाच जंतूच्या खाचेसारखी झाली आहे. औषध कानातल्या नाजूक पेशींपाशी येतं आणि त्याला आपलं-परकं कळत नाही. दुसऱ्या कुणाला त्याच औषधाच्या तेवढ्याच मात्रेने काहीही झालं नसतं. आजेसासूबाईंमध्येही तो दोष होता, पण त्यांच्या वाट्याला ते औषध कधी आलंच नाही.

"म्हणजे बहिरेपण उतरलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्या वन्संसाठी शब्द सावकाश, ओठ उघडून बोलत होत्या. "कच्चेपण उतरलंय. त्याला धक्का औषधाने दिला."

वन्संनी विचारलं, "म्हणजे आईचे कान माझ्या जन्माने गेले नाहीत?"

"नाही. इंजेक्शनांनी गेले."

वन्संनी कागदावरच्या आईच्या काळ्या गोलावर बोट टेकवलं. मग विचारलं, "माझ्या मुलीला?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे फक्त आईकडून येतं. आईकडून सगळ्या मुलांना, मुलगा असो की मुलगी. बापाकडून कुणालाच नाही."

माझा नवरा म्हणाला, "म्हणजे माझ्यात आहे?"

"तुमच्यात आहे. तुमच्या मुलांमध्ये नाही."

आणि मी श्वास सोडला. मला कळलंसुद्धा नाही. माझे दोन मुलगे, सुटले. छातीवरची धोंड कुणी उचलावी तसं झालं. मी मान वर केली तर वन्सं माझ्याकडे बघत होत्या. त्यांना आता ऐकू येत नव्हतं, म्हणून चेहरे वाचायला त्या शिकल्या होत्या, आणि माझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, वहिनी. निदान तुझी पोरं." आणि माझा हात थोपटला. मला त्या दिवसाइतकी लाज आयुष्यात वाटलेली नाही.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. मी पाटीवर दोनदा लिहून पुसलं. शेवटी लिहिलं, "औषधामुळे झालं. कुणाची चूक नाही." सासूबाईंनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. "कुणाकडून आलं?" मी उत्तर लिहिलं नाही. त्यांनी ओलं बोट फिरवून पाटी पुसली, भिंतीकडे तोंड केलं, आणि दोन दिवस पाटीला हात लावला नाही.

बाईंनी प्रत्येकासाठी एक पांढरं कार्ड दिलं होतं. वर ठळक अक्षरात, ही औषधं देऊ नयेत, अगदीच जिवावर बेतल्याखेरीज. खाली पाच नावं. "यातल्या काहींच्या शेवटी 'मायसिन' येतं, पण सगळी मायसिनं वाईट नाहीत आणि सगळ्या वाईटांच्या शेवटी मायसिन नाही. नावं पाठ करा," त्यांनी बजावलं होतं. वन्संनी ती नावं पाढ्यासारखी पाठ केली. माझ्या नवऱ्याने कार्ड पाकिटात टाकलं आणि विसरला. भाचीने आपल्या कार्डाचा फोटो काढून ठेवला आणि म्हणाली, "आई, रोज रोज विचारू नकोस, आहे माझ्याजवळ."

कारखान्याने वन्संना काढलं नाही. खोकी बांधायच्या विभागात दिलं. तिथे ऐकायचं काही नव्हतं. संध्याकाळी त्या सासूबाईंसमोर बसून ओठ वाचायला शिकायच्या. सासूबाई कडक गुरू. चुकलं की गुडघ्यावर टपली.

चार वर्षांनी भाचीचं लग्न झालं, ती पाच तासांच्या अंतरावरच्या गावी गेली. दिवस राहिले तेव्हा वन्संनी पहिलं वाक्य काय विचारलं असेल? "फाईलवर लिहून घेतलंस?" भाचीने लिहून घेतलं होतं. पहिल्याच भेटीत तिने डॉक्टरांना कार्ड दाखवलं, डॉक्टरांनी लाल शाईत नोंद केली, खाली दोन रेघा मारल्या. भाचीने फोटो पाठवला. वन्संनी तो मोठा करून करून पाहिला, एकेक अक्षर तपासलं.

मी शाळेला निघण्याच्या तयारीत होते तेव्हा जावयांचा फोन आला. मुलगी झाली, काल पहाटे. अडली म्हणून पोट उघडावं लागलं. बाळाच्या पोटात घाण पाणी गेलं, जंतू असतील असा संशय आहे, वरच्या मजल्यावर नवजात बाळांच्या खोलीत ठेवलंय. "काळजी करू नका, औषध कालच सुरू केलंय. तुम्ही उगाच घाबराल म्हणून काल कळवलं नाही."

"कोणतं औषध?"

"अँटिबायोटिक म्हणाले."

"कार्डाचं सांगितलंत ना?"

"फाईलवर लिहिलंय ना मामी, लाल शाईत."

माझा जीव भांड्यात पडला. पण वन्सं समोर उभ्या होत्या आणि माझे ओठ बघत होत्या. फोन ठेवल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"कोणती फाईल?" त्या म्हणाल्या.

"तिची. तूच बघितलीस ना..." घाईत मी त्यांना एकेरी बोलले, लग्नानंतर पहिल्यांदा.

"तिची. बाळाची नाही. वहिनी, आमच्याकडे एका मोटारीतून दुसरी निघत नाही, तरी प्रत्येकीचं कागदपत्र वेगळं असतं. बाळ वर गेलं म्हणजे बाळाची नवी फाईल झाली. तिच्यावर कोण लिहिणार? हिला तर भूल दिलेली."

मी जावयांना परत फोन लावला. बंद. त्या खोलीत फोन नेऊ देत नाहीत. दवाखान्याचा नंबर सतत गुंतलेला. आम्ही होतो त्या कपड्यांनिशी बसमध्ये बसलो. पाच तास वन्संनी खिडकीबाहेर पाहिलं नाही, मांडीवर कार्ड धरून बसल्या. मी पुन्हा पुन्हा फोन लावत होते. साडेदहाच्या सुमाराला बस डिझेल भरायला थांबली. मी खाली उतरून थोडं पाणी घेतलं. साडेदहा एवढ्यासाठी आठवतंय की फाईलवर दुसऱ्या डोसची वेळ तीच लिहिलेली होती.

तिसऱ्या मजल्यावर दाराशी तोंडाला मास्क लावलेल्या सिस्टरने अडवलं. एकाच वेळी एकच नातेवाईक, हात धुवा, गाऊन घाला. वन्संना यातलं काही कळलं नाही. त्या सरळ आत गेल्या. काचेच्या सहा पेट्या होत्या. चौथ्या पेटीवर भाचीचं नाव आणि पुढे "चं बाळ". शेजारच्या ताटलीत रिकामी कुपी होती. वन्संनी ती उचलली, उजेडाकडे धरली आणि ओरडल्या. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. सहाही बाळं एकदम रडायला लागली.

"अहो, हळू! काय करताय?"

"हे दिलं? हे हिला दिलं?"

"ते अमिकासिन आहे. तुमच्या मुलीला मायसिनं चालत नाहीत ते आम्हाला तिच्या नवऱ्याने सकाळी सांगितलंय. हे मायसिन नाही."

मी कार्ड पुढे केलं. सिस्टरने तिसरं नाव वाचलं. मग बाळाची फाईल उघडली. 'न चालणारी औषधं' या रकान्यात कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'नाही'.

लहान मुलांच्या डॉक्टर धावत आल्या. तरुण होत्या. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं, खालची फाईल वर मागवली, लाल शाई पाहिली आणि खुर्चीवर बसल्या. औषध तिथल्या तिथे बदललं. त्यांनी टाळाटाळ केली नाही. "दोन डोस गेलेत," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "दोनाने होतं का?"

"कुणाला पंधरा लागतात, कुणाला एक पुरतो. मला सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू?"

वन्संनी त्यांचे ओठ वाचले होते. मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

बाळ वाचलं. बारा दिवसांनी घरी गेलं. जाताना कानाची चाचणी झाली. बाळाच्या कानात बारीक नळी, यंत्रावर हिरवा दिवा लागला. जावयांनी टाळ्या वाजवल्या. भाची रडली. नंतर आईला म्हणाली, "मी सांगितलं होतं गं. मी सगळं सांगितलं होतं." वन्संनी तिला जवळ घेतलं, पण त्या हिरव्या दिव्याकडे त्यांनी फक्त एकदाच पाहिलं. उशिरासुद्धा होऊ शकतं, डॉक्टर म्हणाल्या होत्या. दर सहा महिन्यांनी तपासायचं.

पोरीचं सगळं वेळेवर झालं. हाकेला वळणं, बडबड, गाणी. आमच्याकडे आली की पणजीची पाटी हिसकावून घ्यायची. सासूबाईंना तिचं खूळ लागलं होतं. भाची वर्षभराने निवांत झाली. मीही. वन्संचं मात्र एक होतं. पोर दिसली की त्या तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहायच्या आणि मला खूण करायच्या, हाक मार. मी हाक मारायची. पोर वळायची. दिवसातून दहा वेळा. "पुरे आता," भाची चिडायची, "तिला काय वाटेल?"

सहाव्या तपासणीत रेघेचं उजवं टोक थोडं झुकलं होतं. सर्दी असेल, म्हणाले. मुलं लक्ष देत नाहीत, म्हणाले. पोर तीन वर्षांची होती.

सातव्या वेळी भाचीने तिला मुद्दाम आमच्या गावी, त्या जुन्या बाईंकडे आणलं. बाईंचे केस आता पिकले होते. पोर आईच्या मांडीवर, काचेपलीकडे, कानांवर मोठं यंत्र. समोर प्लास्टिकचं टोपलं आणि रंगीत ठोकळे. आवाज आला की एक ठोकळा टोपल्यात टाकायचा, असा खेळ. ठोकळा गालाशी धरून ती वाट बघायची, मग टप्पकन टाकायची आणि आमच्याकडे बघून हसायची. जाड आवाज झाले, मधले झाले. ती एकदाही चुकली नाही.

मग बाईंनी बटणाची जागा बदलली आणि दाबलं. पोर ठोकळा गालाशी धरून बसली. बाईंनी पुन्हा दाबलं. ती शहाण्यासारखी वाट बघत होती. तिला वाटत होतं अजून खेळ सुरू व्हायचाय.

"वाजलं का?" वन्संनी मला विचारलं. खोलीभर आवाज घुमला.

आवाज यंत्रात होता, मलाही येत नव्हता. पण बाईंचं बोट मला दिसत होतं. "वाजलं," मी म्हटलं.

बाईंनी आवाज एक घर वाढवला. मग आणखी एक. चौथ्या घराला ठोकळा टोपल्यात पडला आणि पोर हसली.

रेघ काढून झाल्यावर बाईंनी ती भाचीसमोर ठेवली. अजून यंत्र लावण्याइतकं नाही, म्हणाल्या. शाळेत पहिल्या बाकावर बसवा. घरात मोठे आवाज नकोत. बोलताना तोंड तिच्याकडे करून बोला, सवय असलेली बरी. भाची मान हलवत होती. वन्सं बाईंच्या ओठांवरची नजर काढत नव्हत्या.

पुढची तारीख बाईंनी तीन महिन्यांनंतरची दिली.